मोत्या दिवसभर काय करतो?

(गावच्या रेडिओवर झालेलं बोलणं, जसं बोलले तसं)

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्यांना नमस्कार, बांधावरच्या झाडाला मोबाईल अडकवून खुरपता खुरपता ऐकणाऱ्यांनाही नमस्कार. आणि आमच्या गटातल्या बाया आज मुद्दाम ऐकत बसल्या असतील, ही रेडिओवर काय बोलते म्हणून, त्यांनाही.

आज मी कुत्र्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. मागं शेळीच्या आजारावर बोलले तेव्हा कुणी हसलं नव्हतं, कारण शेळी पैसे देते. म्हैस दूध देते, कोंबडी अंडी देते. कुत्रं राखण करतं असं आपण धरून चालतो आणि त्या बदल्यात त्याला शिळी भाकरी आणि चार हात साखळी देतो. मीही तेच देत होते. त्याचं काय झालं ते आधी सांगते, मग घरच्या घरी काय करता येतं ते सांगते.

आमचा मोत्या गावठीच. लहान होता तोवर घरभर हिंडायचा, पोरांच्या मागं शाळेपर्यंत जायचा. मग मोठा झाला आणि कुणाच्या तरी कोंबडीच्या मागं लागला. भांडण झालं, म्हणून त्याला गोठ्याच्या खांबाला बांधला. आज सोडू, उद्या सोडू करता करता दोन वर्षं तो तिथंच. बांधल्यावर त्याच्या खोड्या कमी होतील असं वाटलं होतं. उलटंच झालं. खांबाजवळची जमीन उकरून ढोपरभर खड्डा केला. कडब्याची पेंढी ओढून फाडली. रात्री कारण नसताना तास तास भुंकायचा. एकाच जागी गोल गोल फिरून साखळीची वाट पडली होती, तिथं गवत उगवत नव्हतं. आम्ही म्हणायचो, हा वेडा झालाय. मालक काठी दाखवायचे, मी ओरडायचे, सासूबाई पाणी फेकायच्या. तेवढ्यापुरता गप्प बसायचा.

मागच्या वर्षी ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत मी शेतात होते. चुलत जाऊबाईंची सात वर्षांची पोरगी आमच्या अंगणात चेंडू खेळत होती. चेंडू गडगडत मोत्यापाशी गेला. पोर घ्यायला वाकली आणि त्यानं तिचा हात धरला. तिला खायला म्हणून नव्हे, चेंडूसाठी. पण दात ते दातच. मनगटावर दोन खुणा उमटल्या आणि रक्त आलं.

त्या वेळी घरात जे झालं ते मुद्दाम सांगते, कारण ते प्रत्येकीला माहीत पाहिजे. सासूबाई हळद आणि तिखट आणायला आत धावल्या. पण माझी थोरली मुलगी शाळेत शिकली होती. तिनं पोरीला नळाखाली नेलं आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुतली. तिखट नाही, चुना नाही, पट्टी नाही. मग तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथं लस सुरू झाली, आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस पुरे केले, एकही चुकवला नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असंच धरायचं. म्हणून जखम केवढी हे बघत बसायचं नाही, जायचंच.

मोत्याची लस आदल्या वर्षी द्यायची राहून गेली होती. ती चूक माझी. दरवर्षी द्यायची असते हे मला ठाऊक होतं, पण गाईम्हशींची आठवण राहते, कुत्र्याची राहत नाही.

संध्याकाळी मालक म्हणाले, उद्या याला धरणापलीकडं सोडून येतो. सासूबाई म्हणाल्या, आत्ताच जा. जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. मीही मनातून म्हणत होते, न्या एकदाचा. पण सकाळी त्याला टेम्पोत घालून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधीच बजावलं, सोडून द्यायचं नाव काढू नका. चावल्यापासून दहा दिवस कुत्रं नजरेसमोर राहिलं पाहिजे. ते धड राहिलं की नाही यावरून पोरीच्या डॉक्टरांना कळतं. सोडून दिलं तर पोरीच्या जिवाला घोर, आणि पलीकडच्या गावातल्या पोरांनाही.

मग त्यांनी विचारलं, "हा दिवसभर काय करतो?"

मी म्हटलं, "काय करणार? बांधलेला असतो."

"ते कळलं. पण करतो काय?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता येईना. म्हशीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं, चरते, रवंथ करते. कोंबडी उकरते, टिपते. मोत्या काय करतो? काही नाही. दोन वर्षं काही नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, धनगराचं कुत्रं बघितलंय का? आता आमच्या बाजूला कोण बघत नाही? दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं निघतात तेव्हा रस्त्यानं जातातच. त्यांची कुत्री दिवसभर वास घेत चालतात, रात्री वाड्याभोवती जागतात, लांडग्याची चाहूल घेतात. त्यांना उकरायला, उगीच भुंकायला सवडच नसते. कुत्र्याचं डोकं कामासाठी घडलेलं आहे. आपण काम काढून घेतो, जागा काढून घेतो, वर म्हणतो की हा खोडकर आहे. कारवानी कुत्री पाळणारे इकडं बरेच आहेत, त्यांना तर हे जास्तच लागू पडतं. शिकारीसाठी वाढवलेली ती जात. शिकार कायद्यानं बंद आहे आणि ते बरंच आहे, पण कुत्र्याला तो कायदा कोण सांगणार? त्याच्या पायाला आणि डोक्याला दुसरं काही द्यायला नको का?

मी म्हटलं, बाई, मला शेत आहे, जनावरं आहेत, गटाचे हिशेब आहेत. कुत्र्याशी खेळायला वेळ कुठून आणू? त्या म्हणाल्या, जी भाकरी तुम्ही त्याच्या पुढ्यात टाकता तीच टाका, फक्त शोधायला लावा. वेळ तुमचा नाही, त्याचा जाईल.

आता इथून कामाचं सांगते.

कुत्र्याला जग नाकातून कळतं. वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात ५०-६० लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात १० कोटींच्या वर. आपण डोळ्यांनी बाजार बघून येतो ना, कुणी काय नेसलं होतं, कुठं काय भाव होता, तसं ते नाकानं वाचत असतं. म्हणून नाकाला काम दिलं की ते जेवढं दमतं तेवढं नुसतं पळवून दमत नाही. माझाच अनुभव सांगते. शेतापर्यंत पळवून आणला तर तासाभरात परत उभा. पंधरा मिनिटं हुंगून शोधायला लावलं की दुपारभर पाय ताणून झोपतो.

ते पहिले दहा दिवस आम्ही त्याला हात लावत नव्हतो. पोरांना गोठ्याकडं जायला बंदी, पाणी मोठ्या माणसानंच लांबून सरकवायचं. फक्त साखळी बदलून लांब केली. आणि भाकरी ताटलीत न ठेवता तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून लांबूनच पसरून फेकायचे, त्याची साखळी पोचेल एवढ्या जागेत. पहिल्या दिवशी समोरचे चार तुकडे खाऊन तो माझ्याकडं बघत बसला, बाकीची भाकरी कुठाय म्हणून. इतकी सवय मोडली होती. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं नाक खाली गेलं. तिसऱ्या दिवसापासून मी भाकरी घेऊन निघाले की उठून उभा राहायचा, अंग हलवायचा. रात्रीचं भुंकणं एकदम थांबलं नाही. कमी झालं, ते मात्र मालकांच्याच आधी लक्षात आलं.

दहा दिवस मोत्या धडधाकट राहिला. मग त्याला लस दिली. त्यानंतर आम्ही एकेक वाढवत गेलो.

पहिली वस्तू चुंबळ. डोक्यावर घागर, पाटी घ्यायला आपण करतो तीच. जुन्या सुती लुगड्याचा पट्टा घ्यायचा, गुंडाळता गुंडाळता मध्ये भाकरीचे तुकडे घालायचे आणि सैल चुंबळ वळून टाकायची. त्याला ती नाकानं, पायानं उलगडावी लागते. सुरुवातीला इतकी सैल ठेवा की धक्क्यानं सुटेल. जमायला लागलं की थोडी घट्ट. गाठ मारायची घाई नको. जमलं नाही तर कुत्रं चिडतं, फाडायला लागतं, आणि मग आपणच म्हणतो बघा कसं फाडतंय. पुढ्यात टाकलेलं काम त्याला जमणारं पाहिजे, लेकराला पहिलीत गेल्या गेल्या भागाकार देत नाही आपण.

दुसऱ्या आमच्या करवंट्या. तीन अर्ध्या करवंट्या उपड्या घालायच्या, एकीखाली तुकडा. कुठल्या करवंटीखाली आहे ते त्यानं हुंगून सांगायचं, आणि नाकानं किंवा पायानं उलथवायचं. करवंटीची धार आधी दगडावर घासून बोथट करा. आणि खेळ झाला की उचलून ठेवा, चावत बसू देऊ नका, तुकडा घशात अडकतो.

तिसरं गोणपाट. तागाच्या पोत्याच्या हातभर तुकड्याला दाभणानं भोकं पाडायची, त्यातून चिंध्या ओवून गाठी मारायच्या, दाट, जशी वाढलेल्या गवताची थाप. गोधडी शिवणारणीला हे काम अर्ध्या तासाचं. त्या चिंध्यांत भाकरीचा चुरा, दोन फुटाणे, उकडलेल्या अंड्याचे कण टाकायचे. मोत्या त्यात पंधरा-वीस मिनिटं नाक घालून असतो. एक मात्र नीट ऐका. पोतं धान्याचं घ्या. खताचं, पेंडीत औषध मिसळून ठेवलेलं, बियाण्याला पावडर लावलेलं, असलं पोतं कितीही धुतलं तरी घ्यायचं नाही. फवारणीच्या औषधाची बाटली तर घरात कुठल्याच कामाला नको, तशीच कुत्र्याच्या खेळालाही नको.

जुन्या साडीची तीन पदरी वेणी घालून दोन्ही टोकांना गाठ मारली की ओढायला आणि चावायला होते. उकरायची फार खोड असेल तर ओरडू नका, परड्यात एक कोपरा त्याचाच करून द्या. वाळू-माती भुसभुशीत करून त्यात ती वेणी किंवा भाकरीचा तुकडा पुरा. आमच्याकडं खांबाजवळचा खड्डा बुजवला, तो परत उकरला नाही असं नाही, पण आता दहातून एकदा. उन्हाळ्यात ज्यांच्याकडं फ्रीज आहे त्यांनी भाताची बिनमिठाची पेज वाटीत गोठवून द्यावी, चाटत बसतं. फ्रीज नसेल तर ओलं पोतं सावलीत पसरून त्यावर तुकडे.

आणि शिकवणं. हे आपण कुत्र्याला करतच नाही, कारण वाटतं ते शहरातल्या बंगल्यांचं काम. भाकरीचा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यामागं न्या, नाक वर जातं आणि बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की "बस" म्हणा आणि तुकडा द्या. पाच मिनिटं रोज, त्याहून जास्त नको. "बस" आलं की "थांब". आमचा मोत्या आता भाकरी समोर असताना मी "घे" म्हणेपर्यंत थांबतो. मारून नाही शिकला. मारून तो फक्त मालकांची काठी ओळखायला शिकला होता.

खायचं काय नाही ते सांगते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात, म्हणून कालवणातली भाकरी कुस्करून द्यायची सवय मोडा. कालवण बाजूला काढायच्या आधी कोरडी भाकरी वेगळी ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक आहेत. तासगावकडच्या बाया ऐकत असतील, शेडवर काम करता करता कुत्र्याला मूठभर बेदाणा टाकणं आपल्याला प्रेमाचं वाटतं, ते टाकू नका. चॉकलेट नको. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत, ती दातांखाली सुईसारखी फुटतात. आणि हे सगळे खेळ रोजच्या भाकरीतूनच करायचे, वर जास्तीचं खायला घालून नाही, नाहीतर कुत्रं लठ्ठ होईल आणि मला नावं ठेवाल.

अजून एक. कुत्रं शोधत असेल, खात असेल तेव्हा लहान पोरांना जवळ सोडायचं नाही. कितीही गरीब कुत्रं असो. आणि घरात दोन कुत्री असतील तर दोघांना लांब लांब द्या, नाहीतर भाकरीवरून भांडणं लावल्यासारखं होईल.

हे करून प्रत्येक कुत्रं सुधारतं असं मी म्हणणार नाही. अंगावर धावून येणारं, दिसेल त्याला चावणारं, किंवा एकदम वागणं बदललेलं, लाळ गाळणारं, पाणी न पिणारं कुत्रं असेल तर त्याच्याशी करवंट्या खेळायच्या नाहीत. लांब राहायचं आणि लगेच दवाखान्याला कळवायचं. आणि खेळ दिले म्हणून दिवसभर बांधून ठेवायला मोकळीक मिळाली, असंही नाही. आम्ही परड्याला काटेरी कुंपण केलं, त्यात तो आता सुटा असतो. संध्याकाळी मुलगी त्याला दोरीला धरून ओढ्यापर्यंत नेते. तिला मी सांगून ठेवलंय, ओढत नेऊ नको, तो जिथं हुंगायला थांबेल तिथं थांब. लोक विचारतात, काय गं, कुत्रं तुला फिरवतंय का तू कुत्र्याला? विचारू देत.

पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस मिळते का, कधी मिळते, ते आपापल्या गटाच्या बैठकीत विचारून ठेवा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी लसीकरणाची शिबिरं होतात. आमच्या गटानं ठरवलंय, ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांची नावं वहीत लिहायची आणि तारखा एकमेकींना सांगायच्या. बचतीच्या वहीत मोत्याचं नाव लिहिताना सेक्रेटरी बाई खूप हसल्या, पण लिहिलं.

जाऊबाईंच्या पोरीचा हात बरा झाला. ती अजून आमच्या परड्यात येत नाही. कुंपणाच्या पलीकडून बघते, मोत्यानं बरोबर करवंटी उलथवली की टाळी वाजवते. मी तिला ये म्हणत नाही. तिला वाटेल तेव्हा येईल, नाही आली तरी चालेल. जाऊबाई माझ्याशी बोलायला लागल्या, ते दोन महिन्यांनी.

सासूबाईंचं मात्र सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय घरी घेणार नाहीत मला. त्यांचे गुडघे गेल्यापासून शेत बंद, चूल माझ्याकडं आली. दिवसभर ओसरीवर बसून असायच्या. कुणी आलं की तेच तेच बोलायच्या, नाहीतर झोपायच्या, आणि रात्री झोप नाही म्हणून चिडायच्या. दवाखान्यातून आले तेव्हा सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. कुत्र्याचे लाड म्हणून पंधरा दिवस बोलल्या मला. एकदा मला शेतातून यायला उशीर झाला, आले तर ओसरीच्या पायरीवर सासूबाई, खाली मोत्या, मध्ये तीन करवंट्या. मला बघून म्हणाल्या, "तू लई सोपं घालतीस याला. मी चार केल्यात." तेव्हापासून चार वाजता दोघं तिथंच असतात. त्या करवंट्या फिरवतात, फसवतात, हरला की त्याला शिव्या देतात. डॉक्टर बाईंनी विचारलेला प्रश्न मी फक्त मोत्याबद्दल ऐकला होता.

आज इकडं यायला निघाले तर मागून हाक मारून सांगितलं, एक करवंटी तडकलीय, येताना बाजारातून नारळ आण, आणि चांगला मोठा बघून आण.